कुळाचा कागद

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ
विचारू नये म्हणतात.
औषधाचं विचारावं, असं फ्लोरिडाचा कायदा म्हणतो,
आणि ते विचारायला
वर्नेल हॉजकिन्स सकाळी सव्वानऊला हायलीआमध्ये
टायरच्या दुकानामागे गाडी लावते.

गोदामाच्या दाराला पाटी नाही.
घाऊक विक्रीचा परवाना मात्र आहे: चौकटीत, सरळ टांगलेला.
शेजारी मुलीचा फोटो, पांढऱ्या झग्यातला,
तो जरा कललेला.
ओस्वाल्दो ब्रितो बोटभर कपात कॉफी पुढे करतो.
ती घेत नाही. नियम आहे.
वास तेवढा घेते.
कॉफीचा, पुठ्ठ्याचा,
आणि त्याखालून आणखी एक, पातळ,
लायटरमध्ये भरतात त्या तेलाचा.
इथे कुणीच सिगारेट ओढत नाही.

त्या तेलाने डिंक सुटतो.
कुणा आजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी
कुपीवरून अलगद उतरते
आणि कुपी पुन्हा कोरी, पुन्हा विकाऊ.

फ्रीजमध्ये एकशे बारा.
डायलिसिसवरच्या माणसांचं रक्त वाढवणारं इंजेक्शन.
वर्नेल कागद मागते.
कागद आहे. वंशावळ आहे:
कारखान्यातून टेनेसीला,
टेनेसीहून नेवाडातल्या एका कंपनीकडे
जी एप्रिलात जन्मली आणि जूनमध्ये वारली,
तिथून टेक्सास, टेक्सासहून इथे.
सदैव गारव्यात राहायचं अशा ह्या नाजूक जिवांनी
अर्धा देश पाहिला, वाळवंटासकट.
नेवाडाच्या नंबरावर तिने कालच फोन लावला होता.
एका बाईने उचलला.
तिथे नाणी टाकून कपडे धुतात.

मग तापमानाची वही.
रोज दोनदा. चार अंश. चार अंश. चार अंश.
एकच शाई, चारचा एकच तिरपा पाय.
ती पानं मागे उलटत जाते,
वादळाच्या आठवड्यापर्यंत.
नऊ दिवस वीज नव्हती ह्या भागात.
तिने स्वतः घरचे मासे, दूध, लोणी
परसात खड्डा खणून पुरलं होतं.
इथे: चार अंश. चार अंश.

‘‘जनरेटर?’’
ओस्वाल्दो उत्तर देत नाही.
उठतो, फोटो सरळ करतो.

‘‘मॅडम, यातल्या नव्वद तरी खऱ्या आहेत,’’
भिंतीकडे तोंड करूनच म्हणतो.
वर्नेलला वाटतं, असतीलही.
सगळी ग्यानबाची मेख तिथेच.
नव्वद आणि बावीस
उजेडात धरल्या तर सारख्याच, नितळ.
एकवीस वर्षं ती काउंटरमागे उभी होती,
तिलाही सांगता यायचं नाही.
म्हणून कायदा कुपीकडे बघतच नाही,
कागदाकडे बघतो,
आणि कागद फाटला की
खरं औषधही बेवारस.

पिवळी पट्टी. सही. तारीख.
एकशे बाराच्या एकशे बारा आता भट्टीत.
टँपाच्या केंद्राने त्यातल्या तीस गुरुवारसाठी मागवल्या होत्या.
तिकडे फोन तिलाच करावा लागतो.
पलीकडची नर्स पाच सेकंद गप्प,
मग विचारते, ‘‘आणि गुरुवारी आम्ही काय टोचायचं?’’
ह्याला कलम नाही.

संध्याकाळी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
दुकानातला पोरगा नारिंगी डबी पुढे सरकवतो,
झाकण घट्ट, नाव बरोबर,
मिसेस आयडेल हॉजकिन्स, रोज एक.
वर्नेल डबी कानाजवळ नेऊन हलवते, कारण नसताना.
कुठून आल्या? त्याआधी कुठे होत्या? आणि त्याच्याही आधी?
मागे रांग वाढलेली.
कुणाचं तरी मूल रडतंय, बर्फाच्या मशीनचा खडखडाट.
ती पैसे देते,
डबी पर्समध्ये टाकते
आणि नदीचं मूळ
विचारत नाही.